चादरीखालचा स्कोअर

कुमाकुरा मिसुझुचा दिवस पहाटे पाच वाजता सुरू व्हायचा, व्यायामशाळेची लाकडी जमीन ओल्या फडक्यानं पुसण्यापासून. खरं तर ते काम संघात नव्यानं आलेल्या मुलींचं. तिला संघात सात वर्षं झाली होती, तरी ती पुसायची. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "सेकिने-सान, मला दिवसभर याच जमिनीवर पडायचं असतं. कुठं निसरडी आहे ते आधी कळलेलं बरं."

उत्तर मला पटलं. मी बंब बसवणारा माणूस. ज्या भिंतीला बंब लावायचा ती आधी ठोकून बघतो.

आमच्या कारखान्यात रॉकेलवर चालणारे न्हाणीचे बंब बनायचे. कारखान्याचा मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ होता. मुली सकाळी पॅकिंगमध्ये काम करायच्या, दुपारनंतर खेळायच्या. पगार मात्र पूर्ण दिवसाचा. सुरुवातीला मला ते आवडत नसे. अर्धा दिवस चेंडू उडवणाऱ्यांना पूर्ण पगार कशाचा, असं मी जेवणाच्या सुट्टीत उघड म्हणायचो. मग व्यायामशाळेच्या न्हाणीतला बंब माझ्याकडे देखभालीला आला आणि मला त्यांचा सराव दिसायला लागला. त्यानंतर मी तसं बोलणं बंद केलं. अंग चोरणारी एकही मुलगी तिथं नव्हती.

मिसुझु ठेंगणी होती. मागच्या रांगेत उभी राहायची आणि समोरून मारलेला चेंडू जमिनीला टेकू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. टाळ्या पडायच्या त्या जाळ्याजवळ उडी मारणाऱ्या रिकुला. व्हॉलीबॉलच्या मुलींना कोर्टवर हाक मारायला वेगळं नाव असतं. थोरल्या मुली ते देतात. दोन अक्षरांचं, तोंडातून चटकन सुटणारं. मिसुझुला दिलेलं नाव होतं नेबा. धरलं की न सोडणारी, असं त्यांच्या मनात असावं. गावात तिला सगळे नेबाच म्हणत. भाजीवाला, पोस्टातली बाई, सामन्याला ढोल वाजवायला येणाऱ्या इगाराशी आजी. तिचं खरं नाव मलाही दोन वर्षांनी कळलं.

कोच होता ओदागिरी. त्याची एक पद्धत होती. सरावाचा सामना सुरू झाला की तो स्कोअरबोर्डवर चादर टाकायचा. स्कोअर फक्त त्याला माहीत. मुलींनी विचारायचा नाही. "तुमचं काम चेंडू बघायचं," तो म्हणायचा, "स्कोअर बघायचं काम माझं." एकदा मी बंब तपासून बाहेर आलो तेव्हा तो ओरडत होता की तुम्ही चार गुणांनी मागे आहात, लाज वाटू द्या. मी बोर्डाच्या बाजूला उभा होतो, चादरीची कड वर सरकली होती. मुली चार गुणांनी पुढे होत्या. पण त्यानंतर त्या अशा पळाल्या की दुसरा संघ उभाच राहू शकला नाही. काम काढून घ्यायची त्याची ही रीत असेल, असं मला वाटलं. आमच्या फोरमनच्याही रीती होत्याच.

त्या सुमाराला देशभरात कारखान्यांचे संघ एकामागून एक बंद पडत होते. आमच्याकडेही कुजबुज सुरू झाली. ऑक्टोबरात एका संध्याकाळी ओदागिरीनं मुलींना जमवलं आणि सांगितलं की वरच्यांना संघ नकोय, पण त्यानं त्यांच्याकडून एक शब्द मिळवलाय. मार्चअखेर मुलींनी तीनशे बंब विकले तर संघ राहील. मुलींनी एका आवाजात "होय सर" म्हटलं. तो शब्द कुणी दिला, कुणासमोर दिला, हे कुणी विचारलं नाही. त्यांच्याकडे विचारायची पद्धतच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यापासून माझ्या गाडीत पुढच्या सीटवर नेबा बसायला लागली. मापं घ्यायला आणि बंब बसवायला मी. विकायला त्या.

ओदागिरीनं विक्री कोर्टसारखी मांडली होती. तीन हात लागल्याशिवाय चेंडू पलीकडे टाकायचा नाही. पहिल्या दिवशी नेबानं जायचं. विक्रीचा विषय काढायचा नाही. पाणी तापायला किती वेळ लागतो, आजोबांना टबात उतरताना गारठा बाधतो का, एवढंच विचारायचं आणि उठायचं. दुसऱ्या दिवशी शिन जायची. ती कोर्टवर चेंडू हलक्या बोटांनी वर ठेवून द्यायची, दारातही तिचं तेच काम. माझ्याबरोबर माप घ्यायचं, कोणता बंब कुठं बसेल, रॉकेल किती लागेल ते सांगायचं. तिसऱ्या दिवशी रिकु. ती दारात उभी राहिली की चौकट भरून जायची. ती फक्त म्हणायची, "मग कधी बसवू या?"

विक्री विभागातले कोट घातलेले लोक आधी हसले. नाताळपर्यंत हसायचे थांबले.

मी इतकी वर्षं विक्रीची माणसं पाहिली होती. बंबाला तोंड फुटलं असतं तर तोही कमी बोलला असता, अशी ती माणसं. नेबा बोलायची थोडं, बघायची फार. मारणारीचा खांदा वळला की चेंडू कुठं येणार हे तिला आधी कळायचं. दारातही तसंच. घरातल्या बाईनं "आम्हाला नको" म्हणताना एकदा न्हाणीकडे नजर टाकली, तर गाडीत बसल्यावर नेबा म्हणायची, "इथं शिनला पाठवते." न्हाणीकडे नजर गेली नाही तर परत त्या दाराला हात लावायची नाही. दार तोंडावर आपटलं तर एकदा गुडघ्यावर थाप मारायची, "पुढचा," म्हणायची आणि चालू लागायची. कोर्टवर गुण गेला की ती हेच करायची. रुसणं नाही, माघारी वळून बघणं नाही.

जानेवारीत बर्फ कमरेपर्यंत आलं. घंटी वाजवण्याआधी या मुली फाटकापासून दारापर्यंतची वाट फावड्यानं मोकळी करायच्या. बंब घ्या न घ्या, वाट मोकळी. एका म्हाताऱ्यानं खिडकीतून ओरडून विचारलं, "कोण आहात?" रिकु म्हणाली, "बर्फ आहोत आजोबा, परत निघालोय." तो हसत हसत दार उघडायला आला. मला ती म्हणायची, "सेकिने-सान, तुम्ही जरा हसलात तर रॉकेल वाचेल." मी हसत नसे. कामाच्या वेळी काम.

संध्याकाळी त्या व्यायामशाळेत गोल करून उभ्या राहायच्या आणि आपल्या हातून त्या दिवशी कोणतं घर सुटलं ते एकेकीनं सांगायचं. गिऱ्हाईक वाईट होतं असं म्हणायची परवानगी नव्हती. मी उशिरा बोलले, माझा आवाज चढला, मी दारात बूट नीट लावले नाहीत. चूक अशी पदरात घेणारी माणसं कारखान्यात मी फार थोडी पाहिली. कोटवाल्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवून आलंही नसतं. त्याला आधी बरेच सामने हरावे लागतात.

ओदागिरी भिंतीशी उभा राहून ऐकायचा. आतापर्यंत किती बंब गेले हे तो सांगायचा नाही. फक्त म्हणायचा, "अजून मागे आहात."

फेब्रुवारीत आम्ही इगाराशी आजींकडे गेलो. आजी एकट्या राहायच्या. नवरा गेल्यावर संघाचा ढोल त्यांनी हातात घेतला होता. गावात झालेला एकही सामना चुकवला नव्हता. त्यांच्याकडे लाकडावरचा जुना लोखंडी बंब होता, नवऱ्यानं विटा रचून बसवलेला. मी ठोकून पाहिला, झाकण उघडून पाहिलं. अजून दहा वर्षं त्याला मरण नव्हतं. ते मी दोघींच्या देखत सांगितलं.

नेबानं लगेच चहाचा कप खाली ठेवला, वाकून नमस्कार केला आणि बूट घालायला दाराशी गेली. ज्याला गरज नाही त्याला ती विकत नसे.

"थांब गं," आजी म्हणाल्या. "मी हा घेतला तर संघ राहील ना?"

"राहील, आजी. कोच म्हणालेत."

"कोचचं राहू दे. तू म्हणतेस का?"

कोर्टवर दोघींच्या मधोमध चेंडू पडतोय असं दिसलं की जी आधी "माझा" म्हणते, चेंडू तिचा. मग तो सुटला तरी तिचा. नेबा आजींकडे वळली. बुटाची नाडी तिच्या हातातच राहिली.

"मी म्हणते," ती म्हणाली.

शिन आणि रिकुला तिथं यावंच लागलं नाही. पुढच्या आठवड्यात मी तो लोखंडी बंब काढला. विटा एकेक करून काढाव्या लागल्या. नवऱ्यानं काम चोख केलं होतं, सांधा कुठं सुटत नव्हता. आजी आतल्या खोलीत दार लावून बसल्या होत्या. नवा बंब पेटवून दाखवायला बोलावलं तेव्हा आल्या, म्हणाल्या, "एप्रिलचा पहिला सामना कुणाशी आहे?" नेबानं संघाचं नाव सांगितलं. आजी म्हणाल्या की ढोलाचं कातडं बदलायला टाकलंय.

मार्चच्या शेवटच्या दिवशी सकाळी मला हुकूम आला की व्यायामशाळेतला बंब सोडवून आणा. मला वाटलं, मुलींनी एवढे बंब विकले, आता त्यांना नवा देत असतील. पान्हे घेऊन मी गेलो. सगळ्या मुली रांगेत उभ्या होत्या. रिकुच्या हातात कॅमेरा होता. ओदागिरी समोर होता, आणि त्या दिवशी तो कोटात आला होता.

त्यानं आकडा सांगितला. तीनशेच्या वर. मुलींनी एकमेकींचे हात धरले. मग तो म्हणाला की संघ आजपासून विसर्जित झालाय. चांगलं काम केलेल्या पंधराजणींना विक्री विभागात कायमची जागा आहे. त्या विभागाचा प्रमुख उद्यापासून तो स्वतः.

कुणी रडलं नाही. त्यांना अजून कळलंच नव्हतं. मी पान्ह्यांची पिशवी खाली ठेवली, त्याचा आवाज झाला, तेव्हा नेबानं माझ्याकडे पाहिलं आणि मग पिशवीकडे. तिला कळलं.

"कधी ठरलं, सर?" तिनं विचारलं. सात वर्षांत तिनं त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

"ऑगस्टमध्ये."

"आम्ही ऑक्टोबरपासून दारोदार फिरतोय."

"हो."

"मग आम्ही काय वाचवत होतो?"

"स्वतःला," ओदागिरी म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "संघ जाणारच होता. संघाबरोबर तुम्हीही गेला असता, बापाच्या घरी. चेंडू खेळणाऱ्या पोरी कशाच्या कामाच्या, असं वर म्हणत होते. मी दाखवून दिलं. हरायची सवय, पुन्हा उठायची सवय, दुसरीसाठी चेंडू उचलायची सवय. याच्याएवढी तयार माणसं त्यांना कुठं मिळणार?"

"आधी सांगितलं असतंत तर?"

"तर एवढं पळाला असतात का?"

उत्तर खरं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं. शिन खाली मान घालून हळूच म्हणाली, "आणि आम्ही घराघरांत जे सांगितलं, संघ राहील म्हणून, त्याचं काय?"

ओदागिरी तिच्याकडे वळला. "ते घरांत सांगा असं मी म्हटलं नव्हतं."

तेही खरं होतं. त्यानं तो शब्द मुलींना दिला होता, गावाला नाही. गावाला तो त्यांनी दिला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आजवर स्कोअरवरची चादर त्यानं मुलींच्या भल्यासाठी टाकली होती असं मी समजत आलो होतो. कदाचित या वेळीही त्याला तसंच वाटत असेल. मी मात्र त्या दिवसापासून त्याला नमस्कार केला नाही. मग मी न्हाणीत गेलो आणि बंब सोडवला. हुकूम होता.

रिकु आपल्या गावी परत गेली. शिननं लग्न केलं. दहाबारा जणी विक्रीत गेल्या, त्यात नेबा होती. पण त्याआधी तिनं एक काम केलं. मिठाईचे खोके विकत घेतले आणि जिथं जिथं स्वतः पहिल्यांदा दारात उभी राहिली होती त्या प्रत्येक घरी क्षमा मागायला गेली. सुट्टीच्या दिवशी गाडी मी चालवली. तिला सांगून पाहिलं की चूक तिची नाही. ती म्हणाली, "माझा म्हणाले होते ना मी."

लोक चांगले वागले. काळच तसा आहे, म्हणाले. एकानं तर उलट तिलाच मुळा बांधून दिला. इगाराशी आजींच्या दारात तिनं गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. आजींनी खोका दोन्ही हातांनी घेतला. त्यांच्या मागे कोपऱ्यात नवं कातडं लावलेला ढोल कापडात गुंडाळून ठेवला होता.

"पाणी छान तापतं," आजी म्हणाल्या. "लवकर तापतं." मग विचारलं, "तुमचं खरं नाव काय?"

नेबानं मान वर केली. "कुमाकुरा."

"कुमाकुरा-सान, बाहेर बर्फ वितळून निसरडं झालंय. जपून जा हं तुम्ही."

सात वर्षं त्या तिला 'नेबा' म्हणत होत्या, 'तू' म्हणत होत्या, घाम पुसायला आपला रुमाल देत होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गाडीत बसल्यावर सवयीनं नेबाचा हात गुडघ्याकडे गेला, आणि मध्येच थांबला. 'पुढचा' ती म्हणाली नाही.

तरी ती विक्रीत राहिली. मी विचारलं, त्या माणसाच्या हाताखाली कशाला? ती म्हणाली, "लोकांचे बंब बिघडले तर ते फोन कुणाला करतील?" ओदागिरीनं तिच्या कार्डावर मोठ्या अक्षरात नेबा छापलं होतं. गाव त्या नावाला ओळखतं, त्या नावावर बंब खपतात, असं तो म्हणायचा. तिनं ती कार्डं परत केली आणि स्वतःच्या पैशानं नवी छापून आणली. त्यावर फक्त कुमाकुरा मिसुझु. पहिलं वर्ष तिला फार जड गेलं. त्या नावाला कुणी ओळखत नव्हतं. पण बर्फ पडलं की वाट आधी मोकळी करायची आणि घंटी मग, हे तिनं सोडलं नाही. पंधरा वर्षांत ती साऱ्या विभागाची प्रमुख झाली. खेळानं तिला विक्रीसाठी तयार केलं, हे ओदागिरीचं म्हणणं खोटं नव्हतंच.

तो पुढे संचालक झाला. खेळणारी मुलं नोकरीत का घ्यावीत यावर जागोजागी बोलू लागला. एकदा इथल्या सभागृहात कॉलेजच्या खेळाडू मुली जमवल्या होत्या. व्यासपीठावर त्यानं मिसुझुला शेजारी बसवलं आणि नमुना म्हणून दाखवलं. ही कधी स्कोअरकडे बघत नसे, म्हणूनच इथवर आली, असं तो म्हणाला. मी तेव्हा निवृत्त होतो. मिसुझुच्या सांगण्यावरून मागच्या रांगेत बसलो होतो. एका मुलीनं उठून विचारलं, विक्रीत जायचं तर आम्ही आत्तापासून काय शिकावं?

मिसुझु उठली. म्हणाली की जमीन रोज पुसा, चेंडू सोडू नका, हरलात की गुडघ्यावर थाप मारून पुढे चला, हे सगळं उपयोगी पडतं. मग म्हणाली, "आणि स्कोअर विचारत जा. कोच रागावला तरी विचारा. तुमच्या भरवशावर कुणीतरी घरातला चांगला बंब काढून टाकतं."

मुलींना शेवटचं वाक्य कळलं नसावं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ओदागिरीनंही वाजवल्या.

इगाराशी आजी गेल्या तेव्हा अंत्यविधीला ती गेली होती. अंत्यविधीला पैसे घालून द्यायच्या पाकिटावर तिनं नाव कुमाकुराच लिहिलं होतं. आजींनी तिला पुन्हा कधी नेबा म्हटलं नव्हतं. ढोल त्यांच्या भाच्यानं देवळाला दिला.

गेल्या हिवाळ्यात मिसुझुचा फोन आला, शिडी घेऊन शाळेच्या व्यायामशाळेत या. तिथं गावातल्या मुली आठवड्यातून तीनदा खेळतात, आणि रविवारी ती त्यांना चेंडू उचलायला शिकवते. भिंतीशी एक मोठं खोकं ठेवलं होतं. आत स्कोअरबोर्ड होता, विजेचा, लाल आकड्यांचा, कोर्टच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसेल असा. तिनं तो स्वतःच्या पैशानं आणला होता. कितीला पडला हे मी विचारलं नाही. सामान पाहून माणसाला अंदाज येतो. सात वर्षं बोनसला हात लावला नव्हता, एवढंच ती म्हणाली.

मी भिंत ठोकून पाहिली आणि नेहमीच्या उंचीवर पेन्सिलीनं खूण केली.

"आणखी वर," ती म्हणाली.

मी वर केली.

"आणखी."

मी म्हटलं, "बाई, मी आता सत्तर पार केली आहे."

"शिडी मी धरते, सेकिने-सान. वर."

शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून मी तो बसवला, चार बोल्टांनी. एवढ्या वजनाला दोन पुरले असते. तिथं चादर टाकायची तर शिडी लागते, आणि शिडी मी संध्याकाळी घरी घेऊन आलो.